विद्यापीठाच्या अभ्यागत भवनाची मोठी भिंत: नागपुरातल्या नवख्या चित्रकारांसाठी

मार्च २०२३ मध्ये सी-२० च्या, म्हणजे जी-२० शी जोडलेल्या नागरी संस्थांच्या गटाच्या, बैठकीसाठी नागपूर सजलं, तेव्हा शहरातल्या कितीतरी भिंतींना रंग लागला. चित्रकलेच्या अनेक पोरापोरींनी तेव्हा पहिल्यांदा मोठी भिंत हाताळली. पण त्या भिंती चालत्या गाडीतून बघायच्या होत्या. सिग्नल सुटला की चित्र मागे पडलं.

विद्यापीठाच्या अभ्यागत भवनातली भिंत वेगळी असते. तिच्यासमोर माणसं बसून असतात. मुलीच्या प्रवेशासाठी गोंदियाहून पहाटेची गाडी धरून आलेले वडील, मायग्रेशन प्रमाणपत्रासाठी थांबलेला विद्यार्थी, बाहेरगावचे परीक्षक. कुणी दहा मिनिटं, कुणी दोन तास. म्हणून रस्त्याच्या भिंतीचा अनुभव इथे अर्धाच कामी येतो. या लेखात रंगापेक्षा मोजमाप आणि कागदपत्रं जास्त आहेत, कारण अशी कामं तिथेच अडकतात.

१. भिंत कुणाची आणि फाइल कुणाकडे

पहिला फोन बहुतेक वेळा एखाद्या विभागप्रमुखांचा किंवा जनसंपर्क विभागातल्या ओळखीच्या माणसाचा येतो. "छान काहीतरी करून द्या, बजेट आहे." या वाक्यावर रेखाटनं सुरू करू नका.

विद्यापीठात पैसा कुलसचिव कार्यालय आणि वित्त व लेखा अधिकाऱ्यांच्या मार्गाने निघतो. भिंतीची जबाबदारी मात्र अभियांत्रिकी किंवा स्थापत्य विभागाकडे असते. हे दोन विभाग एकमेकांशी बोलले आहेत का, ते आधी विचारा. प्रशासकीय मान्यता झाली का, काम दरपत्रकांवर होणार की ई-निविदेतून, हेही विचारा. ठरावीक रकमेच्या वरच्या कामाला निविदा लागतेच. तुम्ही कितीही आवडलात तरी ती टळत नाही.

प्राथमिक रेखाटनासाठी वेगळं मानधन मागा. नाही म्हणाले तर दोन पानांचा प्रस्ताव द्या, रंगीत चित्र देऊ नका. फुकट दिलेलं रंगीत चित्र निविदेच्या कागदांत "नमुना" म्हणून जोडलं जातं आणि त्यावर दुसराच कुणी दर भरतो, असं होतं.

२. भिंत मोजा, आणि वेगवेगळ्या वेळी बघा

इमारतीचा नकाशा मिळाला तरी त्यावर विसंबू नका. नकाशातली भिंत आणि गवंड्याने उभी केलेली भिंत यांत दोन-चार इंच सहज इकडेतिकडे असतात. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. उंची दोन्ही टोकांना घ्या. मग दोन्ही कर्ण मोजा. ४० बाय १२ फुटांची भिंत काटकोनात असेल तर कर्ण सुमारे ४१ फूट ९ इंच येतो, आणि दोन्ही कर्ण सारखे येतात. ते जुळले नाहीत तर छताच्या कडेला समांतर काढलेली तुमची आडवी रेघ फरशीकडे तिरकी दिसणार.

आता भिंतीवरच्या वस्तू टिपून घ्या: स्विचबोर्ड, एसीच्या नळ्या, फायर होजची पेटी, बाहेर जाण्याची पाटी, कोनशिला, घड्याळ. अग्निसुरक्षेच्या कुठल्याही वस्तूवर रंग लावायचा नाही आणि ती चित्रात लपवायचीही नाही. शिवाय ज्या अभ्यागत भवनात आज वॉटर कूलर नाही तिथे उद्या येणार, आणि तो तुमच्या चित्रातल्या मुख्य चेहऱ्यासमोरच ठेवला जाणार. तो कुठे बसणार हे आत्ताच ठरवून घ्या. नळजोडणी आणि प्लग जिथे आहेत तिथेच तो येईल, तेव्हा तो कोपरा चित्रातून सोडून द्या.

भिंत सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर बघा. पश्चिमेला काच असलेल्या दालनात दुपारी चारनंतर आडवं ऊन थेट भिंतीवर येतं. तिथे चकचकीत रंग दिला तर चित्राऐवजी खिडकीचं प्रतिबिंब दिसेल. फिकट पडण्याचा धोकाही त्याच पट्ट्यात जास्त.

फोटो काढताना मोबाइल भिंतीसमोर मधोमध, सरळ धरा. शेजारी उभ्या माणसाचाही एक फोटो असू द्या. समितीला प्रमाण कळण्यासाठी त्याच्याइतकं उपयोगी काही नाही.

३. माणूस कुठे बसतो, कुठून चालतो

सगळं मांडणीशास्त्र इथे आहे. घाई करू नका.

दालनातल्या खुर्च्यांवर स्वतः बसा. तिथून भिंत किती लांब आहे ते मोजा. ४० फुटांची भिंत एका नजरेत मावायची तर बघणारा साधारण तेवढाच लांब हवा. बहुतेक अभ्यागत भवनांत समोर आठ-दहा फुटांचा बोळ असतो, म्हणजे अख्खं चित्र एकदम कुणालाच दिसणार नाही. अशा भिंतीवर मधोमध एक मोठा विषय आणि दोन्ही बाजूंना पूरक आकृत्या ही पोस्टरची मांडणी फसते. तिथे चित्र चालत बघायचं असतं. दारातून आत येणाऱ्याला पहिले सहा फूट काय दिसतात, चौकशी खिडकीशी रांगेत उभा असताना काय दिसतं, लिफ्टकडे वळताना काय, असे टप्पे पाडा. माणसं ज्या बाजूने आत येतात तिथून चित्र सुरू व्हायला हवं.

उलट भिंत प्रवेशद्वारासमोर असेल आणि पुढे मोठं अंगण असेल, तर तीस-चाळीस पावलांवरून वाचता येईल असा एकच जोरकस आकार घ्या. बारीक काम तिथे वाया जातं.

उंचीचे तीन पट्टे करा. खालचे तीन फूट खुर्च्यांच्या पाठी, पिशव्या आणि बुटांचे. तिथे चेहरे, अक्षरं, फिका रंग काही ठेवू नका. तीन ते सात फुटांचा पट्टा डोळ्यांचा. बारकावे इथे भरा, कारण दोन तास बसणाऱ्याला शोधायला काहीतरी हवं: एखाद्या झाडावरचा धनेश, प्रयोगशाळेच्या बाकावरचा विसरलेला चष्मा. सात फुटांच्या वर मोठे आकार आणि मोकळी जागा.

अक्षरं असतील तर दर दहा फुटांना किमान एक इंच उंची, हा पाटी रंगवणाऱ्यांचा हिशोब धरा. हा इंच अक्षराच्या मुख्य अंगाचा, वेलांटी-उकार सोडून.

४. विषय: संत्र्याच्या पलीकडे

नागपूर म्हटलं की संत्रं, वाघ आणि झिरो माइलचा दगड. तुमच्या आधी येऊन गेलेल्या प्रत्येकाने हे तिन्ही आणलेले असतात. समितीलाही ते आवडतात, कारण त्यावर वाद होत नाही. एखादं संत्रं ठेवा, हरकत नाही. पण विद्यापीठाच्या भिंतीवर विद्यापीठ दिसायला हवं.

शोधायला गेलात तर सामान भरपूर आहे. नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ ची. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली तंत्रसंस्था आणि तिथलं तेल तंत्रज्ञान यांवर एक अख्खी भिंत होईल. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला महापाषाणकाळातली शिलावर्तुळं आहेत, त्यातल्या काही दगडांवर खळगे कोरलेले आहेत. जवळच्या माहुरझरीला प्राचीन काळी मौल्यवान दगडांचे मणी घडवले जायचे. वर्तुळ, खळगा, मणी: तयार आकृतिबंध तुमच्यासमोर आहेत, आणि कुणी सहसा वापरत नाही. झाडीपट्टीची रंगभूमी, मारबतीची मिरवणूक, तान्हा पोळ्याचे लाकडी बैल हेही इथलेच.

तीन सापळे ओळखून ठेवा.

पहिला, वारली. सोपी दिसते म्हणून ती सगळीकडे काढली जाते. ती डहाणू-तलासरीकडची, भौगोलिक मानांकन मिळालेली कला आहे. विदर्भातल्या विद्यापीठात ती का, याला उत्तर नसतं. गोंड शैली हवी असेल तर तीही इंटरनेटवरून उचलू नका. आज कागदावर दिसणारी ठिपक्या-रेघांची शैली पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांच्यापासून सुरू झाली आणि पुढच्या प्रत्येक चित्रकाराची ठिपक्यांची वीण स्वतःची आहे. ती नक्कल करण्याऐवजी गोंड चित्रकाराला कामात भागीदार करा आणि मानधनात त्याचं नाव वेगळं दाखवा.

दुसरा, थोरांचे चेहरे. एक काढला की दुसरा का नाही, हा प्रश्न येणारच. मग यादी वाढते, चेहरे लहान होतात आणि भिंतीचं शालेय तक्त्यात रूपांतर होतं. चेहरे हवेच असतील तर नावांची यादी आणि संदर्भ छायाचित्रं विद्यापीठाकडून सही-शिक्क्यानिशी घ्या. स्वतः निवडू नका.

तिसरा, बोधचिन्ह. विद्यापीठाच्या बोधचिन्हाची मूळ फाइल मागून घ्या, लेटरहेडवरून काढू नका. भारताच्या राजमुद्रेचा, म्हणजे सिंहांच्या राष्ट्रीय चिन्हाचा, वापर २००५ च्या कायद्याने मर्यादित आहे. ती शोभेसाठी घेता येत नाही.

५. माध्यम ठरवा

बाहेरच्या भिंतीला आणि आतल्या भिंतीला एकच उत्तर नाही.

आत, कोरड्या आणि सावलीतल्या भिंतीवर चांगल्या प्रतीचा अॅक्रिलिक इमल्शन रंग, मॅट फिनिश. बहुतेक वेळा एवढं पुरतं.

बाहेर, दक्षिण किंवा पश्चिम तोंडाच्या भिंतीवर रंगाचं आयुष्य मर्यादित, हे विद्यापीठाला लिहून सांगा. कायमचं हवं असेल तर भाजकी माती, दगड किंवा काचेचा मोझेक. लखनौच्या रवींद्रालयावर के. जी. सुब्रमण्यन यांनी १९६३ मध्ये भाजक्या मातीच्या फरशांचं भित्तिचित्र केलं. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या ग्रंथालयावर हुआन ओगॉर्मन यांनी नैसर्गिक रंगांच्या दगडांचे तुकडे बसवले. दगडाचा रंग उन्हाने उडत नाही, यातच सगळं आलं. खर्च अर्थातच कितीतरी पट.

छापील व्हायनिल, म्हणजे भिंतीवर चिकटवायचा प्लॅस्टिकचा पातळ पत्रा, हा झटपट मार्ग. उद्घाटन परवावर आलं की अधिकारी त्याच्याकडे वळतात. करायचंच असेल तर ४० बाय १२ फुटांसाठी प्रत्यक्ष आकाराला १०० डीपीआय (एका इंचात १०० ठिपके) धरून ४८,००० बाय १४,४०० पिक्सेल लागतात. जवळून बघायची नसलेली भिंत याच्या निम्म्यातही भागते. ओलसर भिंतीवर व्हायनिल लावू नका, फुगे येतात.

६. छोटं चित्र आणि मंजुरी

प्रमाण एक फुटाला एक इंच ठेवा. ४० फुटांची भिंत ४० इंचांच्या कागदावर येते आणि मिस्त्रीपासून कुलसचिवांपर्यंत सगळ्यांना ती कळते. त्यावर खुर्च्या, दारं, स्विचबोर्ड आणि पाच फूट पाच इंचांचा एक माणूस खऱ्या मापात काढा.

समितीसमोर तीन पर्याय ठेवू नका. प्रत्येक सदस्य एकेक निवडतो आणि शेवटी "तिन्हीतलं थोडं थोडं घ्या" असा निर्णय होतो. एकच आराखडा न्या, रंगसंगतीचे दोन पर्याय न्या. मंजूर प्रतीच्या प्रत्येक पानावर सही घ्या, आणि किती बदल मानधनात धरले आहेत ते प्रस्तावातच लिहा.

७. कागदपत्रं

एकाच फोल्डरमध्ये, स्वसाक्षांकित प्रतींसह:

- पॅन आणि आधार (पॅन दिला नाही तर टीडीएस २० टक्क्यांनी कापला जाऊ शकतो)
- रद्द केलेला धनादेश
- जीएसटी नोंदणी, किंवा नोंदणीच्या मर्यादेत उलाढाल नसल्याचं हमीपत्र
- आधीच्या कामांचे फोटो आणि काम पूर्ण केल्याचे दाखले
- मापांसह आराखडा आणि कामाची पद्धत लिहिलेलं एक पान
- अंदाजपत्रक: साहित्य, परांची, मजुरी, आराखड्याचं मानधन, विमा, वाहतूक, प्रत्येक बाब वेगळी
- रंगांची कंपनीने दिलेली माहितीपत्रकं
- मदतनीसांची नावं आणि ओळखपत्रं, गेटवरच्या पासासाठी

शेवटची बाब क्षुल्लक वाटते. पास नसेल तर सुरक्षारक्षक सकाळी सातला "साहेब आल्याशिवाय नाही जमत भाऊ" म्हणतो आणि कामाचे सगळ्यात चांगले तास जातात.

८. करारात काय हवं

पैसे टप्प्यांनी: आराखडा मंजूर झाल्यावर, अस्तर झाल्यावर, चित्र पूर्ण झाल्यावर. सुरक्षा ठेव किती आणि दोष दायित्व कालावधी (कामात दोष निघाल्यास तुम्ही दुरुस्त करून द्यायचा काळ) किती, हे आकड्यांत लिहून घ्या. भिंतीतून नंतर आलेली ओल हा तुमच्या कामाचा दोष नाही, असं स्पष्ट वाक्य असू द्या. हे वाक्य मागायला संकोच वाटतो, तरी मागा.

कॉपीराइटचं कलम वाचा. १९५७ च्या कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. विद्यापीठाने ते चित्र दिनदर्शिकेवर आणि कपांवर छापलं तर तुम्हाला वेगळं काही मिळणार नाही. छापायचं असल्यास नाव आणि मोबदला आधीच ठरवा. मात्र कलम ५७ नुसार निर्माता म्हणून नाव लावण्याचा आणि कृतीची नासधूस झाल्यास दाद मागण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं आणि त्यात त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. भिंत पाडायची किंवा रंगवायची झाल्यास चित्रकाराला लेखी कळवावं, एवढं एक वाक्य करारात असलं की पुढची बरीच कटकट वाचते.

९. भिंत तयार करणं

नव्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्या. ताज्या सिमेंटमधला अल्क (अल्कली) रंगद्रव्यं खातो. उद्घाटनाची तारीख ठरली म्हणून आठव्या दिवशी रंग लावायला सांगतील. तेव्हा करारातलं पान दाखवा.

ओल तपासायची सोपी रीत: दीड बाय दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले किंवा भिंत गडद झाली तर थांबा. तपासणी खाली, वर, आणि मागे स्वच्छतागृह असेल तर तिथे नक्की करा. लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा पांढरा क्षार, दिसत असेल तर घासून काढल्याने तो जात नाही, पाणी कुठून येतंय ते बंद व्हायला हवं. ते स्थापत्य विभागाचं काम. पत्र देऊन करून घ्या.

जुना रंग असेल तर चिकटपट्टी दाबून झटकन ओढा. पोपडे निघाले तर सगळं खरवडायचं. भेगा भरा, घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा, अल्करोधक प्रायमर द्या, मग पांढऱ्या इमल्शनचे दोन हात. एका लिटरमध्ये दोन हातांना साधारण ५० ते ६० चौरस फूट निघतात, म्हणजे ४८० चौरस फुटांना नुसत्या पांढऱ्यासाठी आठ ते दहा लिटर. बाहेरच्या भिंतीला आतली पुट्टी लावू नका. पहिल्या पावसाळ्यात ती सुटते.

१०. चित्र भिंतीवर उतरवणं

सामान: लेव्हल पाइप, ओळंबा, लाइनदोरी, मोजपट्टी, फिक्या रंगाचे खडू, मास्किंग टेप.

पाण्याच्या लेव्हलने एक आडवी रेघ पक्की करा आणि सगळी मापं तिच्यापासून घ्या, फरशीपासून नको. मग एक-एक फुटाची जाळी. आतल्या भिंतीला प्रोजेक्टर वापरता येतो, पण तो कलता ठेवला तर चेहरे ताणले जातात. बाहेर अंधार पडल्यावरच उपयोग. पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीसाठी कागदावर टोचून कोळशाची पूड थापण्याची जुनी पद्धत अजूनही सगळ्यात वेगवान.

मार्करने रेघा मारू नका. शाई वरच्या रंगातून झिरपून वर येते.

रेघा पूर्ण झाल्या की ब्रश हातात घेण्याआधी खुर्च्यांवर जाऊन बसा. मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही बसवा. बदल आत्ता फुकटात होतो.

११. रंग आणि ऋतू

टिकणारे रंग ओळखा: लोहभस्माचे लाल-पिवळे, म्हणजे गेरू आणि पिवळ्या मातीच्या घराण्यातले. थॅलो निळा आणि हिरवा, टायटॅनियम पांढरा, कार्बन काळा. झगझगीत गुलाबी, जांभळे आणि फ्लुरोसंट रंग उन्हात सगळ्यात आधी उडतात. डब्यावर किंवा माहितीपत्रकात रंगद्रव्याचा क्रमांक असतो. पीआर १०१ हा लोहयुक्त लाल, पीवाय ४२ लोहयुक्त पिवळा, पीबी १५ थॅलो निळा. दुकानदाराला क्रमांक विचारा. पहिल्यांदा तो तुमच्याकडे विचित्र बघेल. प्रत्येक मिश्रण थोडं जास्त बनवा, बंद डब्यात ठेवा आणि झाकणावर प्रमाण लिहा. दुरुस्तीला त्याच छटेचा रंग लागतो.

बाहेरच्या कामासाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ धरा. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० च्या खाली जातो, तेव्हा संध्याकाळी उशिरा हात देऊ नका, थंडीत इमल्शनचा सलग थर नीट धरत नाही. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे उन्हातली भिंत हाताला चटका देते आणि रंग ब्रशवरच वाळतो. नाइलाज असेल तर सावलीच्या मागे फिरा: पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. जून मध्य ते सप्टेंबर बाहेरचं काम नको.

परांची भाड्याने घेताना फळ्या बांधलेल्या आणि कठडा असलेली घ्या. हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट मदतनीसांनाही. बादलीवर स्टूल आणि त्यावर माणूस हा प्रकार दिसला तर त्या दिवशी काम बंद करा.

१२. सुपूर्द करणं आणि शेवटचं बिल

काम संपल्यावर स्थापत्य विभागाच्या अभियंत्यासोबत प्रत्यक्ष मोजमाप करा आणि ते मोजमाप पुस्तिकेत चढलं का ते बघा. बिल तिथूनच पुढे सरकतं. चित्राचे पूर्ण आणि तुकड्यांतले फोटो काढा. एका पानावर देखभाल लिहून द्या: कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं, फिनाइल आणि ब्लीच नाही, खिळा ठोकायचा नाही, नोटीस चिकटवायची नाही. हे पान मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लिहा, कारण ते वाचणार आहेत सफाई कर्मचारी. उरलेले रंगाचे डबे यादीसह विद्यापीठाकडे जमा करून पोच घ्या.

बिलासोबत काम पूर्ण झाल्याचा दाखला मागा, पुढच्या निविदेला तो लागतो. सुरक्षा ठेव आपोआप परत येत नाही. दोष दायित्व कालावधी संपतो ती तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा, आणि त्याच आठवड्यात कुलसचिवांच्या नावे परताव्याचा अर्ज आवक विभागात देऊन पोच घ्या.